अंगण वांकडें केव्हां म्हणावें?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण आपल्या घरोघर इतकी रुळलेली आहे, कीं शिकणाऱ्या मुलानें हातांतील साधनाविषयीं एक शब्द काढला तर वडील मंडळींच्या ओठांवर ती तयारच असते. मुलगा म्हणतो, “ही बॅट फार जड आहे”. मुलगी म्हणते, “ह्या सतारीची तार बोलत नाहीं”. आणि लगेच माजघरांतून अंगणाचा उद्धार होतो. म्हण खोटी नाहीं. तथापि कांहीं अंगणें खरोखरच वांकडीं असतात, आणि त्यांवर नाचावयास लावलेलें मूल कांहीं दिवसांनीं नाचणेंच सोडून देतें, हेंहि तितकेंच खरें आहे. वांकडें काय आहे, पाऊल कीं अंगण, हें ओळखावें कसें? मुलांस एखादें वाद्य शिकविणाऱ्या प्रत्येक घरापुढें हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहतो. नाशकांतील आमच्या परिचयाच्या एका घरानें तो ज्या रीतीनें सोडविला, ती रीत इतरांसहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

हें घर रविवार कारंजापासून फार दूर नाहीं. जुना वाडा पाडून तेथें इमारत उभी राहिली, तरी दोघे भाऊ, त्यांचीं कुटुंबें आणि वडील मंडळी अजून एकत्र राहतात व एकाच चुलीवर जेवतात. आजोबा निवृत्त शिक्षक. थोरल्या मुलाचा मुलगा तेव्हां तेरा वर्षांचा होता. शाळेच्या बँडपथकांत त्याच्या हातीं क्लॅरिओनेट आलें, आणि त्या काळ्या नळींतून निघणारा, बासरीहून भरदार व सनईहून मऊ असा आवाज त्याच्या मनांत बसला. धाकट्या काकांनीं कौतुकानें त्याला एक साधें वाद्य आणून दिलें. देशांत बँडच्या वाद्यांची मोठी पेठ म्हणजे मीरत. तेथील जली कोठी भागांत हा धंदा शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे, व तेथील नादिर अली आणि कंपनीची स्थापना १८८५ सालची आहे. मीरतहून आलेलें हें वाद्य कांहीं हजार रुपयांतच घरीं आलें. शिकविण्यास गांवांतीलच एक बँडमास्तर मिळाले. त्यांचें सारें आयुष्य वरातींत व गणपतीच्या मिरवणुकींत वाजविण्यांत गेलेलें, परंतु भूप व यमन त्यांच्या बोटांवर उत्तम बसलेले.

घरांत हें सर्वांस रुचलें असें मात्र नाहीं. आजींना तोंड लावून वाजवावयाचें वाद्यच पसंत नव्हतें. “उष्टी नळी ती, आणि वाजंत्र्यांचें वाद्य आपल्या घरांत कशाला? पेटी आहे, तबला आहे, तें शीक म्हणावें,” असें त्या म्हणत. ही समजूत आपल्या समाजांत जुनी आहे, आणि ती आतां टाकून द्यावी हेंच बरें. न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टॉफ डेन्नर नांवाच्या कारागिरानें सुमारें १७०० सालीं सिद्ध केलेलें हें वाद्य पुढें युरोपांतील थोर रचनाकारांचें लाडकें झालें. हिंदुस्थानांत तें लष्करी बँडांबरोबर आलें, आणि संस्थानिकांच्या पदरीं राहून पुढें वरातीपर्यंत पोंचलें. दक्षिणेकडे त्यास कर्नाटक संगीताच्या बैठकींत मानाचें स्थान मिळालें. तेथील क्लॅरिओनेटवादक ए. के. सी. नटराजन यांस २०२२ सालीं पद्मश्री देण्यांत आली. हिंदुस्थानी पद्धतीनें रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनीं ह्याच वाद्यावर ख्याल गायिला, असें म्हणावयास हरकत नाहीं. आणि मास्टर इब्राहीम यांच्या क्लॅरिओनेटच्या तबकड्या एके काळीं ज्यांच्या घरीं वाजत असत, त्यांस तरी ह्या वाद्याची वेगळी ओळख करून द्यावयास नको. कोणत्याहि वाद्याची जात तें कोण वाजवितो यावरून ठरत नाहीं, तें कसें वाजविलें जातें यावरून ठरते.

दोन वर्षें बरीं गेलीं. मुलगा सकाळीं लवकर उठून गच्चीवरील खोलींत तास तास बसे. तिसऱ्या वर्षीं त्यानें एके रात्रीं जेवतांना विषय काढला, “मला नवें वाद्य हवें. ह्याच्यावर वरचे सूर लागतच नाहींत.” मोबाइलवर कोणा परदेशी वादकाचें वादन पाहून त्याचें मन एका लाकडी वाद्यावर बसलें होतें. त्याची किंमत ऐकून पंगतींत क्षणभर शांतता पसरली, कारण पॅरिस येथें १८२५ सालीं स्थापन झालेल्या ब्यूफे क्रांपों कारखान्याचें वरच्या प्रतीचें वाद्य आज कांहीं लाखांच्या घरांत जातें. वडील म्हणाले, “आधीं आहे त्यावर नीट वाजव.” काका म्हणाले, “दादा, हल्लीं हप्त्यानें सर्व मिळतें. पोराची आवड आहे, तर हौस कां मोडावी?” आणि मग त्या अंगणाची म्हण निघालीच.

एका बैठकींत गोष्ट मिटली असती. परंतु पुढील पंधरा दिवसांत निराळेंच घडलें. सकाळचें वाजणें थांबलें. हें प्रथम कोणाच्या लक्षांत आलें, तर ज्यांना हें वाद्य आवडत नव्हतें त्या आजींच्या. आम्ही त्या सुमारास सहज भेटीस गेलों असतां त्या आम्हांस म्हणाल्या, “पोर वाजवीत नाहीं हो आतां. विचारलें तर म्हणतो, ‘आजी, मला नाहीं येणार तें.’ वाद्याचा हट्ट सोडला, तर बरें झालें म्हणावें. पण त्याचा चेहरा पाहवत नाहीं.”

आमच्या मतें ह्या प्रश्नांतील खरा धोका येथेंच आहे. पैसा वांयां जाण्याची भीति सर्वांस दिसते. ती खरीहि आहे. परंतु चांगला स्वर कानांत असून तो हातांतून निघत नाहीं, आणि दोष आपला कीं वाद्याचा हें कळत नाहीं, अशा वेळीं मूल बहुधा दोष आपल्याच पदरीं घेतें. प्रथम तें वाद्यावर रागावतें. घरच्यांनीं तें हसण्यावारी नेलें म्हणजे स्वतःवर रागावतें. आणि शेवटीं वाद्य खोक्यांत ठेवून देतें. अशीं किती खोकीं आपल्या माळ्यांवर धूळ खात पडलीं असतील!

आजोबांनीं मात्र शिक्षकास शोभेल असाच निर्णय दिला. “आपण सर्व जण ज्या विषयावर भांडत आहों, त्यांतलें आपल्यापैकीं कोणालाच कळत नाहीं. मास्तरांना बोलवा.” मास्तर रविवारीं दुपारीं आले. घरीं बोलावून, सर्वांबरोबर चहा घेऊन, मानानें त्यांचा सल्ला विचारला गेला, ह्याचा त्यांना संकोचच वाटत असावा. त्यांनीं मुलाला वाजवावयास सांगितलें, डोळे मिटून ऐकलें, आणि मग हात पुढें करून तेंच वाद्य मागून घेतलें. स्वतःच्या पिशवींतून एक रीड काढून लावली व फुंकर मारली. खालचा सप्तक भरून आला. वर जातांच मात्र त्यांच्या हातूनहि तोच चिरका आवाज निघाला. मास्तरांनीं वाद्याचे दोन तुकडे वेगळे केले, वरच्या तुकड्याचीं भोंकें बोटांनीं दाबून एक तोंड तळहातानें बंद केलें, आणि दुसऱ्या तोंडानें हवा ओढून पाहिली. हवा टिकली नाहीं. मग पातळ कागदाचा एक कपटा प्रत्येक चावीच्या गादीखालीं ठेवून त्यांनीं तो हळूंच ओढून पाहिला. दोन ठिकाणीं कागद अडथळ्यावांचून सुटून आला.

“अण्णा, पोराच्या फुंकेंत खोट नाहीं,” ते आजोबांना म्हणाले. “दोन पॅड कुजलेत, पावसाळ्याचे. आणि रीड तीन महिने तीच लावली आहे, हें मी पाहावयास हवें होतें. चूक माझीहि आहे. नवें वाद्य आज घेऊं नका. एवढें करून पाहूं.”

ह्या परीक्षेंतील तत्त्व साधें आहे. शिष्याचेंच वाद्य गुरूनें वाजवून पाहावें. जो स्वर गुरूच्या हातूनहि त्या वाद्यांतून निघत नाहीं, तेवढ्यापुरतें अंगण वांकडें. जो गुरूच्या हातून निघतो, तेथें पाउलाकडे पाहावें. घरोघरचे निम्मे वाद एवढ्यानें मिटतील.

क्लॅरिओनेटचा घाट थोडा समजून घेतला म्हणजे मास्तरांनीं प्रथम रीड व गाद्या कां पाहिल्या हें कळेल. त्याची नळी आंतून जवळजवळ सर्वत्र सारख्या रुंदीची असते, आणि फुंकण्याचें टोंक ध्वनीच्या दृष्टीनें बंद असल्यासारखें वागतें. म्हणून बासरींत जोरानें फुंकलें असतां तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो, तसें येथें होत नाहीं. मागची सप्तकाची चावी दाबली कीं स्वर एकदम बारा स्वरांनीं वर उडी घेतो: मंद्र षड्जाचीं बोटें ठेवलीं तर मध्य सप्तकांतील पंचम निघतो. ह्या उडीच्या उंबरठ्यावर प्रत्येक विद्यार्थी अडखळतो. आणि गादींतून थोडी जरी हवा गळत असली, तरी तो उंबरठा भिंतीसारखा होतो. मुलाला लागत नसलेले वरचे सूर ते हेच.

रीड म्हणजे बोरूसारख्या एका जातीच्या नळाची पातळ पाती. उत्तम नळ फ्रान्सच्या दक्षिणेस वार प्रांतांत पिकतो. रीडेवर तिच्या कठिणपणाचा आंकडा असतो. नवशिक्यास दोन किंवा अडीचची द्यावी, व ओंठांचे स्नायू तयार होतील तसतसें वर जावें. रोज वाजविणाऱ्याची रीड कांहीं आठवड्यांत निकामी होते. तीन-चार रीडा आळीपाळीनें वापराव्या, म्हणजे त्या अधिक टिकतात. एवढीशी ही पाती. परंतु स्वराचा जन्म तिच्यापाशीं होतो. ती मेलेली असतां लाखाचें वाद्य देखील मुकेंच.

म्हणून सुधारणेचा क्रम नेहमीं लहानापासून मोठ्याकडे असावा. प्रथम रीड बदलावी, मग गाद्या, चाव्यांच्या स्प्रिंगा व सांध्यांचीं बुचें दुरुस्त करवावीं, मग माउथपीस, आणि सर्वांत शेवटीं वाद्य. माउथपीस हा ह्या क्रमांतील महत्त्वाचा टप्पा असून तो लोकांच्या फारसा ध्यानांत येत नाहीं. स्वस्त वाद्याबरोबर आलेला माउथपीस बहुधा ओबडधोबड असतो. रीड ज्या वांकावर टेकते तो वांक तेथें नीट घांसलेला नसतो, आणि मुलगा कितीहि सांभाळून फुंकला तरी चिरकतोच. चांगला माउथपीस नव्या वाद्याच्या मानानें थोडक्या किंमतींत मिळतो, आणि पुढें मोठें वाद्य घेतलें तरी तोच त्यावर चालतो. म्हणजे तो पैसा वांयां जात नाहीं. आमच्या ह्या घरीं दोन गाद्या, एक पेटी रीडा आणि एक माउथपीस एवढ्यावर काम भागलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे गच्चीवरून पुनः सूर ऐकूं येऊं लागले. आजींनीं कांहीं म्हटलें नाहीं. मात्र चहा वर पाठवूं लागल्या.

हाच न्याय आपल्या घरांतील इतर वाद्यांसहि लागू आहे. सतार किंवा तंबोरा ‘बोलत नाहीं’ अशी तक्रार आली, तर नवा साज घेण्यापूर्वीं तारा बदलाव्या व जवारी काढून घ्यावी. मिरजेच्या कारागिरांचें खरें कसब त्या घोडीच्या घांसणींत असतें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें उगाच नव्हे. तबला बसका वाजूं लागला तर पुडी बदलावी. पेटीचा भाता गळत असेल तर तो शिवून घ्यावा, सूर उतरले असतील तर ते लावून घ्यावे. एवढें करूनहि भागलें नाहीं, तरच बाजाराची वाट धरावी.

परंतु ही गोष्ट येथेंच संपविली, तर म्हणच जिंकली असें होईल, आणि तें खरें होणार नाहीं. सुमारें दीड वर्षानें मास्तर न बोलावतां एकदां घरीं आले, आणि म्हणाले, “अण्णा, आतां घ्या.” ह्या वेळीं मागणी मुलाची नव्हती. मास्तरांनीं कारणें सांगितलीं, तीं अशीं: मुलाच्या बोटांची गति वाढली, पण चाव्या ढिल्या असल्यामुळें जलद तानांत त्या मागें राहतात. मध्य सप्तकांतील दोन स्वर मुळांतच उतरलेले आहेत; ते ओंठांनीं चढवून घेण्याची संवय मुलानें लावून घेतली आहे, आणि ती संवय पक्की झाली तर पुढें चांगल्या वाद्यावरहि तो बेसूर वाजवील. तिसरें असें, कीं तो हळू वाजवितो तेव्हां आवाज मरतो, भरून वाजवितो तेव्हां फाटतो. मधल्या छटा त्या नळींत नाहींतच. मास्तरांनीं स्वतः वाजवून दाखविलें. तींच वैगुण्यें त्यांच्या हातूनहि निघालीं. वाद्य दुरुस्त होतें, रीड नवी होती, माउथपीस चांगला होता. आतां मात्र अंगणच वांकडें होतें.

ह्यावरून नवें वाद्य घेण्याची वेळ ओळखण्याच्या कांहीं खुणा आम्हांस सुचतात. पहिली: मूल कोणीं न सांगतां, परीक्षा व सुट्टी दोन्ही सांभाळून, निदान दोन वर्षें रोज वाजवीत आहे काय? दुसरी: शरीराची वाढ बेताची तरी झाली आहे काय? बोटें लहान असतां भोंकें नीट झांकलीं जात नाहींत, व दोष उगाच वाद्यावर येतो. तिसरी: मूल ‘आवाज चांगला नाहीं’ असें मोघम सांगतें, कीं अमुक स्वर अमुक ठिकाणीं असा होतो, असें नेमकें सांगतें? नेमकी तक्रार ही तयार कानाची खूण आहे. चौथी, आणि सर्वांत मोठी: गुरु आपण होऊन सांगतो काय? बक्षीस म्हणून किंवा आमिष म्हणून मात्र वाद्य कधींहि घेऊं नये. “नव्वद टक्के पाड, मग घेऊं,” असें म्हटलें कीं वाद्य गणिताच्या दावणीला बांधलें जातें, आणि दोहोंचाहि विचका होतो.

घ्यावयाचें ठरल्यावर कोणतें घ्यावें, हा दुसरा प्रश्न. मुलाच्या मनांत लांकडी वाद्य होतें. तें ज्या लांकडाचें करतात तें आफ्रिकेंतील मोझांबिक, टांझानिया वगैरे देशांतील काळें लांकूड. आपल्या शिसवीच्याच कुळांतील, आणि इतकें जड कीं पाण्यांत बुडतें. तें झाड हळू वाढतें व तोड फार झाली, म्हणून २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. तयार वाद्यांस २०१९ मध्यें त्यांतून सूट मिळाली. परंतु आवाजाचें सारें सौंदर्य लांकडांतच असतें, ही समजूत तपासून घेण्यासारखी आहे. अमेरिकेंतील जॉन बॅकस यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नळीच्या भिंतीच्या द्रव्याचा स्वराच्या जातीवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाहीं असें आढळून आलें. नळीचा आंतील घाट, भोंकांची कड आणि चाव्यांची बसवणूक ह्यांवर खरा भर असतो. लांकडी वाद्यें बहुधा सरस ठरतात तीं ह्यामुळें, कीं उत्तम कारागिरी बहुधा त्यांवरच खर्ची पडते. एबोनाइटचें किंवा प्लॅस्टिकचें चांगलें घडविलेलें वाद्य वाईट लांकडीहून केव्हांहि बरें.

नाशकाच्या हवेचाहि विचार करावयास पाहिजे. पौषांतील बोचरी थंडी, वैशाखाचा कोरडा उन्हाळा आणि आषाढांतील ओल, असे तीन हंगाम लांकडास एकामागून एक सोसावे लागतात. नवें लांकडी वाद्य पहिले कांहीं आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटांपेक्षां अधिक फुंकूं नये, कारण श्वासाच्या ओलीनें आंतील बाजू फुगते व बाहेरील कोरडी राहून चीर जाते. वाजवून झाल्यावर आंतून फडकें फिरवावें. थंडींत गार वाद्यांत एकदम गरम श्वास फुंकूं नये. उन्हांत ठेवूं नये. जो मुलगा गणपतीच्या मिरवणुकींत उघड्यावर वाजविणार, त्याला लांकडी वाद्य देणें म्हणजे रेशमी धोतर नेसवून नदीस पाठविण्यासारखें आहे. मिरवणुकीसाठीं जुनेंच बरें.

आणखी एक गोष्ट सहसा दुकानदार सांगत नाहीं. क्लॅरिओनेटच्या चाव्यांच्या रचना मुख्यतः दोन आहेत. एक बोएम पद्धतीची, क्लोझे व ब्यूफे ह्या दोघां फ्रेंचांनीं १८३९ च्या सुमारास सिद्ध केलेली. पाश्चात्य संगीत शिकणारे बहुतेक सर्व जण आज तीच वापरतात. दुसरी जुनी व साधी, ब्रुसेल्सच्या अल्बर्ट नांवाच्या कारागिरावरून ओळखली जाणारी. तींत चाव्यांचा पसारा कमी, व बोट हळूहळू सरकवून मींड घेणें सोपें, म्हणून आपल्याकडील बँडवाल्यांनीं व रागसंगीत वाजविणाऱ्यांनीं ती जतन केली. दोहोंचीं बोटें निराळीं. अधिक किंमतीचें वाद्य घेतलें आणि तें दुसऱ्या पद्धतीचें निघालें, तर मूल एक पायरी चढत नाहीं. दुसऱ्याच जिन्याच्या तळाशीं जाऊन उभें राहतें. मुंबईस २००६ सालीं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. तसल्या वाद्यवृंदाची ज्याला ओढ आहे, किंवा लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा ज्याला द्यावयाच्या आहेत, त्यानें बोएमच घ्यावें. म्हणून मास्तरांनीं मुलाला समोर बसवून एकच विचारलें, “तुला वाजवावयाचें काय आहे? ती मोबाइलवरची गत, कीं यमन?” मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मास्तर, तुम्ही वाजवितां तें.” त्या उत्तरानें तीन लाखांचा प्रश्न निकालांत निघाला.

आतां पैशाविषयीं. काकांनीं हप्त्याची गोष्ट पुनः काढली, तेव्हां आजोबांनीं विष्णु दिगंबर पलुस्करांचें उदाहरण दिलें. ज्यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून प्रतिष्ठित घरांच्या मुलांस संगीताचीं दारें उघडलीं, ते बुवा आयुष्याच्या उत्तरकाळीं आपल्या नाशकासच, पंचवटींतील रामनाम आधार आश्रमांत राहिले. मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायीं त्यांच्या हातची गेली होती. आजोबा म्हणाले, “एवढ्या मोठ्या माणसालाहि कर्जानें सोडलें नाहीं. बुवांची विद्या शिष्यांकडे राहिली, इमारत राहिली नाहीं. हप्ता डोक्यावर ठेवून पोर वाजवूं लागलें, तर एक दिवस वाजविलें नाहीं कीं घरांत कोणीतरी पैशाची आठवण करणारच. मग तो सूर कसला?” दुकानांत जाण्यापूर्वींच एक रक्कम ठरली: घरांतील तिघां मिळवत्यांनीं थोडे थोडे घालावे, मुलाच्या मुंजींतील ठेवींतून कांहीं काढावें, आणि ह्याच्या पलीकडे एक रुपया नाहीं.

मास्तरांनीं शोध केला. धंद्यांतून निवृत्त होणाऱ्या एका वादकाजवळ साध्या पद्धतीचें, जुनें पण उत्तम राखलेलें फ्रेंच बनावटीचें लांकडी वाद्य होतें. त्याच किंमतीचें एक नवें कोरें एबोनाइटचेंहि पाहण्यांत आलें. दोन्ही आठवडाभर घरीं ठेवून घेतलीं. सूर तपासले ते पेटीशीं. कारण नेहमींचें क्लॅरिओनेट काळी पांचाचें असतें, व त्याची ठाम कसोटी पेटीवर लागलीच होते. मग आजोबांनीं एक युक्ति केली. मुलानें आंतल्या खोलींत दार लोटून दोन्ही वाद्यांवर तोच आलाप वाजवावा, कोणतें केव्हां हें सांगूं नये, आणि बाहेरच्यांनीं निवड करावी. दिसणें, नांव व किंमत हीं तिन्ही डोळ्यांआड झालीं म्हणजे कान प्रामाणिक होतात. वडील व काका यांची मतें दर वेळीं बदललीं. आजींनीं मात्र तिन्ही वेळां न चुकतां एकच वाद्य सांगितलें, आणि तें जुनें लांकडी निघालें. “इतकीं वर्षें पहाटे ऐकतें आहें मी,” एवढेंच त्या म्हणाल्या.

विकत घेण्यापूर्वीं मास्तरांनीं वाद्याच्या सांध्यांवर व चिमट्यांच्या कडेनें चीर आहे काय तें उजेडांत पाहिलें, साऱ्या गाद्या नव्या बसवून घेतल्या, आणि त्याचा खर्च ठरलेल्या रकमेंतच धरला. स्वतःची दलाली त्यांनीं घेतली नाहीं. परंतु घरानेंहि तें तसेंच सोडलें नाहीं. दसऱ्यास त्यांना धोतरजोडी व दक्षिणा देऊन आजोबांनीं मुलासकट त्यांस नमस्कार केला. ज्याच्या कानावर आपण आपल्या मुलाचें भवितव्य सोंपवितों, त्याचा मान राखणें हाहि त्या वाद्याच्या किंमतीचाच भाग आहे, असें आम्हांस वाटतें.

राहिलें तें मीरतचें जुनें वाद्य. तें माळ्यावर गेलें नाहीं. भाद्रपदांत मिरवणुकीसाठीं तें मुलाच्या हातीं असतें. एरवीं त्याच्यावर काकांच्या अकरा वर्षांच्या मुलीचा हक्क आहे; तिच्या बोटांनीं खालचीं भोंकें अजून नीट झांकत नाहींत. परवां आम्ही गेलों तेव्हां ती तक्रार करीत होती, कीं हें वाद्यच वाईट आहे. आजी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, “दादाला विचार. आधीं त्याला वाजवून दाखवूं दे.”